जुनी बिलिंग स्क्रीन बदलताना आधी बोटांचा वेग मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औषध दुकानं आणि स्टॉकिस्ट (औषधांचे घाऊक विक्रेते) यांच्यासाठीचं तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर १२ वर्षं चालू आहे. जुनी स्क्रीन पूर्णपणे कीबोर्डवर चालणारी, नवी ब्राउझरमध्ये उघडणारी. ४० दुकानांना नवी दिली आणि आठवड्याभरात निम्म्याहून जास्त जणांनी जुनी परत मागितली. लोकांना बदलच नको असतो की आपलं डिझाइन चुकलं, आणि जुनी स्क्रीन किती दिवस चालू ठेवायची, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

या दोन शक्यतांच्या मधली एक गोष्ट सुटते आहे. काउंटरवरचा माणूस स्क्रीन वापरायला बसलेला नसतो, तो बिल काढायला बसलेला असतो. इतक्या वर्षांत क्रम त्याच्या बोटांत बसलेला आहे: गिऱ्हाइकाचा कोड, एंटर, औषधाची पहिली तीन अक्षरं, एंटर, बॅच, नग, एंटर. त्याची नजर स्क्रीनवर नसते, हातातल्या चिठ्ठीवर असते. हा वेग त्याची कमाई आहे. नव्या स्क्रीनवर पहिल्याच दिवशी ती कमाई जाते, तीही संध्याकाळच्या गर्दीत, मालकाच्या डोळ्यांसमोर. ‘जुनं परत द्या’ म्हणताना तो हा वेग परत मागत असतो. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: नव्या स्क्रीनवर तो वेग परत येऊ शकतो का, किती दिवसांत येतो, आणि तोवरचा भार कोण उचलणार?

आता, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. ऑपरेटर दिवसाला २० बिलं काढतो की ३००, यावर निम्मं उत्तर ठरतं. ३०० बिलं काढणाऱ्याला प्रत्येक बिलामागे ५ सेकंद जास्त लागले तर दिवसाची २५ मिनिटं जातात. ते ५ सेकंद ओळख नसल्यामुळे जात असतील तर सवयीने भरून येतात. स्क्रीनच्या रचनेतच असतील तर वर्षभर सराव करूनही येत नाहीत. दुसरं म्हणजे तुमच्याकडे माणसं किती. तीन डेव्हलपरची टीम जुन्या आणि नव्या स्क्रीनमध्ये प्रत्येक कायदेशीर बदल दोनदा करत बसली तर दोन्हीकडे चुका होतील. तिसरं, डेटा दुकानातल्या संगणकावर आहे की तुमच्या सर्व्हरवर. याचा परिणाम जुन्या स्क्रीनवर परतण्याच्या सोयीवर होतो, तो पुढे येईलच.

‘बदल’ हा एक शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तिथूनच गफलत सुरू होते. रंग, अक्षरं, चिन्हं बदलली तर माणूस एक-दोन दिवस कुरकुरतो आणि विसरतो. एखादी गोष्ट जागेवरून हलवली तर रोजच्या कामात ती आठवड्या-दोन आठवड्यांत सापडायला लागते; महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट मात्र तीन-चार महिने दर वेळी शोधावी लागते. नाव बदललं तर फोन वाढतात, कारण माणूस जुन्या नावाने शोधतो. चौथा प्रकार सगळ्यांत महागात पडतो: तेच बटण, पण आता वेगळं काहीतरी करणारं. पहिल्या तिन्हींत माणूस अडतो आणि थांबतो. चौथ्यात तो थांबत नाही, बोट आपोआप जातं आणि चूक होऊन बसते.

फोटोशॉपचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीपर्यंत चित्राचा आकार प्रमाणात बदलायचा तर शिफ्ट दाबून कोपरा ओढावा लागायचा. त्या आवृत्तीत हे उलटं झालं: शिफ्ट न दाबता प्रमाण टिकतं, शिफ्ट दाबली की सुटतं. नव्या माणसासाठी नवी पद्धत जास्त सोपी आहे, यात वाद नाही. पण ज्याचं बोट वर्षानुवर्षं शिफ्टवर जात होतं त्याची चित्रं वाकडी व्हायला लागली. जुन्या वागणुकीवर परत जाण्याचा पर्याय सेटिंगमध्ये नंतर द्यावा लागला. त्याच आवृत्तीत कंट्रोल-झेडचं वागणंही बदललं, पण त्यासाठी जुन्या पद्धतीचा पर्याय सुरुवातीपासून ठेवलेला होता. दोन्ही बदल सारख्याच वजनाचे होते. परतीची वाट आधीपासून असण्या-नसण्याचा फरक मोठा होता.

म्हणून माझ्या कामात एक नियम पक्का आहे: जुन्या बटणाला नवा अर्थ द्यायचा नाही. जुन्या स्क्रीनवर एफ८ने बिल सेव्ह होऊन छापलं जात असेल, तर नव्यातही एफ८ने तेच व्हावं. ते शक्यच नसेल तर एफ८ रिकामं ठेवा. दाबलं की खालच्या पट्टीवर एक ओळ यावी: ‘बिल छापण्यासाठी आता कंट्रोल-पी’. किमान एक आर्थिक वर्ष ते बटण दुसऱ्या कशालाही द्यायचं नाही. एक्सेल वापरणाऱ्यांना याचा फायदा आजही मिळतो. ऑफिस २००७मध्ये जुने मेन्यू जाऊन रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) आली, पडद्यावरचं जवळपास सगळं बदललं. पण जुन्या मेन्यूच्या काळातला ऑल्ट, ई, एस, व्ही हा सूत्रं सोडून फक्त मूल्यं पेस्ट करण्याचा क्रम एक्सेलमध्ये चालूच राहिला. ज्या मेन्यूची ती अक्षरं होती तो मेन्यू गेला, बोटांचा क्रम राहिला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, नोव्हेंबर २०२०मध्ये आली तेव्हाही एफ५ ते एफ९ ही पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, पर्चेसची बटणं होती तशीच राहिली. क्रेडिट नोट मात्र कंट्रोल-एफ८ वरून ऑल्ट-एफ६वर गेली. दिवसात शंभरदा लागणारं जागेवर ठेवलं आणि क्वचित लागणारं हलवलं, तर माणूस सांभाळून घेतो. कोणतं कुठल्या गटात पडतं हे मात्र वापराच्या नोंदींवरून ठरवा, मीटिंगमधल्या अंदाजावर नको.

मराठी डीटीपीच्या क्षेत्रात हेच घडलं आहे. जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मजकुरावर) जायचं तर इन्स्क्रिप्ट ही वेगळी कीबोर्ड-रचना शिका, असं टाइपरायटरच्या पद्धतीने टंकलेखन करणाऱ्यांना सांगितलं गेलं तेव्हा अनेक जण जागचे हलले नाहीत. टाइपरायटरची तीच रचना (रेमिंग्टन) ठेवून आत युनिकोड देणारी साधनं मिळाल्यावर तीच बोटं, त्याच वेगाने, युनिकोड मजकूर तयार करू लागली. आतलं सगळं बदललं, हाताखालचं काहीच नाही. तुमच्याही नव्या स्क्रीनचा बराचसा फायदा आत असणार: सर्व्हरवरचा बॅकअप, दोन शाखांचा एकत्र साठा, मोबाइलवर मालकाला दिसणारे आकडे. यांतल्या कशासाठीही बिल टाकायचा क्रम बदलण्याची गरज नाही.

आता तुमच्या नव्या स्क्रीनकडे येतो. कीबोर्डवरचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आणलं की चार ठिकाणी हमखास बिघडतं आणि डिझाइनच्या चित्रांत यांतलं एकही दिसत नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे आगाऊ टायपिंग. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दाबलेली बटणं रांगेत थांबतात. स्क्रीन अर्धा सेकंद मागे राहिली तरी एकही अक्षर हरवत नाही. सराईत ऑपरेटर कायम स्क्रीनच्या दोन पावलं पुढे असतो. ब्राउझरमध्ये औषधांची यादी सर्व्हरवरून यायला ४०० मिलिसेकंद लागली, आणि तेवढ्यात त्याने तीन अक्षरं टाकून एंटर मारलं, तर आधीच्या यादीतलं पहिलं नाव निवडलं जाऊ शकतं. पॅरासिटामॉल ५००च्या जागी ६५० बिलात जाईल आणि ते त्याला दिसणारही नाही, कारण तो चिठ्ठीकडे बघतो आहे. औषधांच्या बिलात ही चूक निव्वळ गैरसोय म्हणून सोडता येत नाही. उपाय असा: औषधांची यादी सकाळी एकदाच दुकानातल्या संगणकावर उतरवून घ्या आणि शोध तिथल्या तिथेच घ्या. वीस-तीस हजार नावं ब्राउझरच्या साठ्यात सहज बसतात. आणि पडद्यावरची यादी टाइप केलेल्या अक्षरांचीच आहे याची खात्री होईपर्यंत एंटर रोखून धरा. टाकून देऊ नका, धरून ठेवा.

दुसरं, बारकोड. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो: १३ आकडे पटापट टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. कर्सर नगाच्या रकान्यात असताना स्कॅन झालं तर नग म्हणून ८९०ने सुरू होणारी १३ आकडी संख्या बसते. जुन्या स्क्रीनवर कर्सर कुठे असणार हे ठरलेलं होतं, त्यामुळे हे घडत नव्हतं. नव्या स्क्रीनवर माउसने कुठेही क्लिक करता येतं, म्हणून घडतं. नगाचा रकाना पाच आकड्यांवर अडवा. त्याशिवाय दोन बटणांमधलं अंतर मोजा. माणूस इतक्या वेगाने टाइप करू शकत नाही. सलग आकडे २०-३० मिलिसेकंदांच्या अंतराने आले तर ते स्कॅनरचे समजून थेट औषधाच्या रकान्यात वळवता येतात. मात्र स्कॅनर वेगवेगळे असतात, हा आकडा प्रत्यक्ष दुकानातल्या दोन-तीन स्कॅनरवर तपासूनच ठरवा.

तिसरं, ब्राउझरची स्वतःची बटणं. एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड, एफ३ म्हणजे शोध, एफ११ म्हणजे पूर्ण स्क्रीन. ही तुमच्या कोडमधून रोखता येतात. रोखायची विसरलात तर १८ औषधांचं अर्धं बिल एका एफ५ने जातं. कंट्रोल-एन, कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू मात्र क्रोमच्या साध्या टॅबमध्ये रोखता येत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एनने नवं बिल उघडत असेल तर ब्राउझरची नवी खिडकी उघडेल. अशा वेळी नवी स्क्रीन टॅबमध्ये न देता इलेक्ट्रॉनसारख्या (वेबपान स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवणाऱ्या) चौकटीत, डेस्कटॉपवरच्या वेगळ्या प्रोग्रामसारखी द्या. आणि काहीही झालं तरी अर्धं बिल दर काही सेकंदांनी स्थानिक साठ्यात जपून ठेवा.

चौथं, ओळींची संख्या. दुकानांतला मॉनिटर अनेकदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो. टास्कबार आणि ब्राउझरची वरची पट्टी गेल्यावर उंची साधारण ६४० पिक्सेल उरते. वर ६४चा मथळा आणि खाली ८०ची बेरजेची पट्टी ठेवली तर बिलासाठी ४९६ उरतात. प्रत्येक ओळ ४८ पिक्सेलची ठेवलीत तर १० औषधं दिसतात. २६ची ठेवलीत तर १९. जुन्या स्क्रीनवर पूर्ण बिल एका नजरेत दिसत होतं, आता खाली-वर सरकवावं लागतं आणि ‘हे औषध टाकलं का?’ याची खात्री प्रत्येक बिलाला दोनदा करावी लागते. मोकळी जागा लॅपटॉपवरच्या सादरीकरणात सुंदर दिसते. काउंटरवर तिची किंमत सेकंदांत मोजली जाते. ‘दाट’ आणि ‘मोकळी’ अशा दोन मांडण्या द्या आणि जुन्या गिऱ्हाइकांना दाटच आधी द्या.

मापन बदलाआधी सुरू व्हायला हवं, आणि इथेच बहुतेक कंपन्या चुकतात. जुन्या स्क्रीनवरचा वेग माहीत नसेल तर नवी हळू आहे की फक्त अनोळखी, हे कधीच सांगता येणार नाही. पहिलं औषध टाकल्यापासून बिल छापेपर्यंतचा वेळ घ्या आणि त्याला औषधांच्या संख्येने भागा. सरासरी घेऊ नका, मध्यावरचा आकडा घ्या, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. मधेच फोन आला आणि बिल चार मिनिटं उघडं राहिलं तर सरासरी खोटी होते. सोबत दर १०० बिलांमागे किती बिलं दुरुस्त किंवा रद्द झाली ते मोजा. कोणते पर्याय वापरले जातात याच्या नोंदी मात्र १३ महिन्यांच्या पाहा. ३० दिवसांच्या नोंदी पाहून ‘हे कुणी वापरत नाही’ म्हणून काढून टाकलेली गोष्ट ३१ मार्चला सगळ्यांना एकदम लागते. मुदत संपलेला माल परत पाठवण्याची यादी काही दुकानं तीन महिन्यांतून एकदाच काढतात. नोंदी ठेवण्याची सोयच नसेल तर पाच दुकानांत संध्याकाळी सहा ते नऊच्या गर्दीत एकेक तास स्टॉपवॉच घेऊन मागे उभे राहा. काही विचारायचं नाही, काही शिकवायचं नाही. बोटं कुठे थांबतात तेवढं लिहून घ्या.

नवी स्क्रीन देताना पूर्ण दुकान एकदम बदला. एका काउंटरवर जुनी आणि शेजारी नवी असं ठेवलंत तर एकमेकांना विचारून शिकण्याची वाट बंद होते, आणि जेवणाच्या सुट्टीत एकाच्या जागी दुसरा बसला की गोंधळ उडतो. तुमच्यासारख्या काहीशे गिऱ्हाइकांच्या कंपनीला ‘आधी इतके टक्के गिऱ्हाइकं, मग तितके’ अशा टक्क्यांच्या पायऱ्या फारशा कामाच्या नाहीत. ८ दुकानं, मग ३०, मग १००, मग बाकीची असं जा. पहिली आठ तुमच्या जवळच्या ओळखीची नकोत, ती भिडस्तपणे चांगलंच सांगतील. दोन मोठे स्टॉकिस्ट, दोन छोटी दुकानं, एक स्कॅनरवालं, एक जिथे इंटरनेट रडत-रखडत चालतं, एक जिथे ऑपरेटर सगळ्यांत अनुभवी आहे, आणि एक जे तुम्हाला सर्वांत जास्त तक्रारी करतं. शेवटचं दुकान सोडू नका. सतत तक्रार करणारा माणूस सॉफ्टवेअर बारकाईने वापरत असतो.

तारीख ठरवताना गिऱ्हाइकाचं कॅलेंडर बघा. जीएसटीची विवरणपत्रं दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची मुदत ११ तारीख, जीएसटीआर-३बीची २० तारीख. महिनाअखेरीला साठा आणि उधारीची यादी. त्यामुळे मोकळे दिवस २१ ते २६ एवढेच उरतात. त्यातही सोमवार ते बुधवार सकाळ. शनिवारी नवं काही द्यायचं नाही, कारण रविवारी तुमच्याकडे फोन उचलायला कुणी नसतं. मार्च पूर्ण वर्ज्य, एप्रिलचे पहिले दोन आठवडेही. प्राप्तिकराचं नवं पोर्टल ७ जून २०२१ला आलं, त्याआधी १ ते ६ जून जुनं बंद होतं. नवं सुरू झालं तेव्हा जुन्याकडे परत जायची सोय नव्हती. पोर्टलवरच्या अडचणी महिनोन्महिने चालल्या आणि वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत शेवटी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. सरकार मुदत वाढवू शकतं. तुमच्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही ती वाढवू शकत नाही.

यातूनच परतीच्या बटणाचा मुद्दा येतो. ‘जुन्या स्क्रीनवर जा’ हे बटण नव्या स्क्रीनवर कायम एकाच ठिकाणी, उघडपणे दिसायला हवं. सेटिंगच्या आत तिसऱ्या पानावर ठेवलेली सोय ही सोयच नव्हे. दाबलं की लगेच जुनी स्क्रीन यावी, अर्धं बिल तसंच्या तसं सोबत यावं. याचा अर्थ दोन्ही स्क्रीन एकाच डेटाबेसवर चालल्या पाहिजेत. डेटाची मांडणी बदलणं आणि स्क्रीन बदलणं ही दोन कामं कधीही एका दिवशी करू नका. डेटा आधी हलवा, त्यावर जुनी स्क्रीन महिनाभर चालवून बघा, मग नवी आणा. डेटा दुकानातल्या संगणकावर असेल तर हे जास्तच पाळा, कारण तिथे मागे जायचं म्हणजे बॅकअप शोधण्यापासून सुरुवात असते. कारण विचारायचं असेल तर परत गेल्यावर विचारा, एका ओळीत, उत्तर ऐच्छिक ठेवून. आणि जो परत गेला त्याला पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप नव्यावर टाकू नका. एकदा असं झालं की तो प्रत्येक अपडेट टाळायला लागतो, आणि मग सुरक्षिततेचे अपडेटही अडकतात.

जुनी स्क्रीन किती दिवस? विकिपीडियाने जानेवारी २०२३मध्ये इंग्रजी आवृत्तीचं रूप बदललं, पण खातं असलेल्यांना सेटिंगमधून जुनं रूप निवडता येतं. वाचनाच्या पानाला ते परवडतं. तुमच्या जुन्या स्क्रीनला प्रत्येक कर-बदल लागू करावा लागतो, तेव्हा तिला कायमचं ठेवणं जमणार नाही, आणि तसं आश्वासनही देऊ नका. रोजच्या बिलिंगसाठी किमान आठ आठवडे ठेवा, म्हणजे महिनाअखेर आणि जीएसटीची धावपळ प्रत्येकी निदान एकदा नव्या स्क्रीनवर होऊन जाते. वर्षातून एकदा लागणारे अहवाल मात्र एक ३१ मार्च पार पडेपर्यंत जुन्या जागेवरूनही उघडू द्या. त्यानंतर जुनी गोठवा: कायदेशीर बदल आणि दोषदुरुस्ती तेवढी, नवीन सोय एकही नाही. पूर्ण बंद करण्याची तारीख आकड्यांवर बांधा. मी दोन अटी धरतो: जुन्या ऑपरेटरांचा दर औषधामागचा वेळ सलग दोन आठवडे जुन्याइतका किंवा कमी, आणि परत जाणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत. या अटी पूर्ण झाल्या नाहीत तर तारीख पुढे ढकला. नवीन आलेल्या गिऱ्हाइकांचे आकडे यात मिसळू नका. त्यांना नवी स्क्रीन आवडतेच, आणि त्यांच्या आकड्यांनी जुन्यांचा त्रास झाकला जातो.

कळवायचं कसं, यात एक गोष्ट विसरली जाते: मालक आणि ऑपरेटर ही दोन वेगळी माणसं आहेत. मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कारण आणि तारखा कळवा, किमान १५ दिवस आधी. ऑपरेटरला हातात धरता येईल असा कागद द्या: एका बाजूला जुनं बटण, दुसऱ्या बाजूला नवं, जास्तीत जास्त १२ ओळी, मॉनिटरच्या कडेला चिकटवता येईल एवढ्या आकाराचा. संदेशात ‘आधुनिक’ आणि ‘आकर्षक’ हे शब्द टाळा. त्याऐवजी असं लिहा: ‘मंगळवार २२ तारखेपासून बिलाची स्क्रीन बदलते आहे. एफ८, एफ२ आणि औषध शोधणं पूर्वीसारखंच. क्रेडिट नोट आता ऑल्ट-एफ६वर. पहिले काही दिवस थोडा वेळ जास्त लागेल. जमलं नाही तर वर उजवीकडे जुनी स्क्रीन आहे, बिल जाणार नाही.’ वेळ जास्त लागेल हे वाक्य गाळू नका. ते आधी सांगितलं असेल तर पहिल्या दिवशीचा त्रास अपेक्षित ठरतो. नाही सांगितलं तर तो बिघाड वाटतो.

पहिल्यांदा उघडताच एकामागून एक नऊ सूचनांचे फुगे दाखवून स्क्रीनची सहल घडवणारी पद्धत काउंटरवर चालत नाही. समोर गिऱ्हाईक उभं असताना माणूस नऊ वेळा ‘पुढे’ दाबतो आणि काही वाचत नाही. जी गोष्ट हलवली तिच्या जुन्या जागी चार आठवडे एक छोटी खूण ठेवा, ‘हे आता इथे आहे’ असं सांगणारी, आणि तिच्यावर दाबलं की थेट तिथे नेणारी. शोधाच्या चौकटीत जुनी नावं चालू द्या. आणि मराठी लेबलं सुधारण्याच्या नादात ‘उधारी’चं ‘प्राप्य रक्कम’ करू नका. दुकानात जो शब्द बोलला जातो तोच स्क्रीनवर हवा.

तक्रारी आल्यावर त्यांची संख्या मोजून घाबरू नका आणि कमी आल्या म्हणून निर्धास्तही होऊ नका. त्या तीन ढिगांत वाटा. ‘सापडत नाही’: या दोन आठवड्यांत आपोआप कमी व्हायला हव्यात, एकाच माणसाकडून तीच तक्रार तिसऱ्यांदा आली तर जागा चुकली आहे. ‘हळू झालं’: पहिल्या काही दिवसांनंतरही टिकल्या तर या सवयीने जात नाहीत, वर सांगितलेली चार ठिकाणं तपासा. ‘होतच नाही’: जुन्यात होणारं काम नव्यात राहून गेलं आहे, त्या दुकानाला त्याच दिवशी जुन्यावर न्या आणि ते काम आल्याशिवाय नवी स्क्रीन पुन्हा देऊ नका. फोन अचानक थांबले तर एकदा दुकानात जाऊन बघा. कधी कधी ऑपरेटर दिवसभर वहीत लिहून रात्री एकत्र नोंदी करायला लागलेला असतो. हे नोंदींत ओळखता येतं: बिलांच्या वेळा संध्याकाळच्या गर्दीऐवजी रात्री दहानंतर एकवटलेल्या दिसतात.

आणि आकडे विरोधात गेले तर माघार लवकर घ्या. विंडोज ८मधून ऑक्टोबर २०१२मध्ये स्टार्ट बटण काढलं गेलं. ते वर्षाने ८.१मध्ये परत आलं, पूर्ण मेन्यू परत यायला विंडोज १० उजाडावं लागलं, म्हणजे २०१५. तुमच्या गिऱ्हाइकाकडे एवढा धीर नसतो, त्याच्याकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचा फोन नंबर असतो.

तुमच्या ४० दुकानांसाठी आत्ता करायचं ते असं. आजच सगळ्यांना परतीचं बटण द्या, मागितलेल्यांना आणि न मागितलेल्यांनाही. ज्यांनी जुनी परत मागितली त्या प्रत्येकाला फोन करून एकच विचारा: ‘शेवटचं अडलं ते कुठल्या बिलात?’ ‘आवडली का’ असं विचारू नका, त्याच्या उत्तरातून हातात काही येत नाही. ठराविक बिल विचारलं की तो अडचण दाखवूनच देतो. मिळालेली उत्तरं तीन ढिगांत टाका. ‘हळू झालं’चा ढीग मोठा निघाला तर पुढचे सहा आठवडे नवीन काही बांधू नका, आगाऊ टायपिंग आणि ओळींची उंची एवढंच हातात घ्या. दरम्यान जुन्या स्क्रीनवर वेळ मोजायची सोय बसवा, म्हणजे पुढच्या आठ दुकानांसाठी तुलनेला आकडा असेल. दुरुस्ती झाली की परत गेलेल्या दुकानांना एक सामाईक संदेश पाठवू नका. ज्याने जे सांगितलं होतं तेवढंच त्याला कळवा: ‘तुमच्या १८ औषधांच्या बिलात खाली-वर सरकवावं लागत होतं, आता पूर्ण बिल एका स्क्रीनवर दिसतं. एकदा संध्याकाळी चालवून बघा, आमचा माणूस नऊपर्यंत फोनवर आहे.’